तीन गाठी आणि एक पांढरा डबा

कोरं पान

पुस्तक बांधताना सुरुवातीला एक पान कोरं सोडतात. बाइंडरांच्या मनातल्या तशा पानावर एक वाक्य एकेचाळीस वर्षं लिहिलेलं होतं, आणि ते रोज त्यावर एक नवं कोरं पान चिकटवत आले होते.

घडी

डबा सुनेनं आणला आणि शनिवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, थेट कामाच्या बाकावर खळीच्या भांड्याशेजारी ठेवला. खरं तर डबे दोन होते. एक वरच्या मजल्यावर पाळण्याजवळ राहायचा, दुसरा खाली. वरचा ऐकणार, खालचा बोलणार. खालच्याच्या पोटावर पाच बारीक दिवे होते: दोन हिरवे, दोन पिवळे, एक लाल.

"बाळ जितकं मोठ्यानं रडेल तितके जास्त दिवे लागतात," सून म्हणाली. "म्हणजे मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही तरी दिसेल."

"काय आहे हे, रेडिओ?" थोरल्या लेकीनं विचारलं.

"बेबी मॉनिटर, ताई."

"म्हणजे टिंब आता बातम्या देणार."

टिंब म्हणजे पाच महिन्यांची नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती. धाकटा, म्हणजे तिचा बाप, म्हणाला होता, हे बाळ नाही, टिंब आहे. तीन पिढ्या पुस्तकं बांधणाऱ्या घरात ते नाव चिकटलं, तेही खळ न लावता.

शनिवार असल्यामुळे सगळी मंडळी खालीच होती. थोरली ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दर शनिवारी गाडी दाराशी लावून ती हातभार लावायला यायची, गाडीच्या टपावरची 'शिकाऊ चालक' ही पाटी तशीच. आठवडाभर दुसऱ्यांच्या वतीनं ब्रेक दाबून तिचा पाय भरून यायचा, आणि कागदाच्या घड्या घालताना तो मोकळा होतो असं तिचं म्हणणं. धाकटा कटिंग मशीनवर होता. सून पुठ्ठ्यांना कापड चढवत होती. बाइंडरांची बायको शिवायच्या चौकटीपाशी, आणि तिच्या समोर, बाकाच्या दुसऱ्या बाजूला, ते स्वतः. एका प्रसूतिगृहाची जन्मनोंदीची चाळीस रजिस्टरं सोमवारी सकाळी पोचवायची होती.

सोमवारी सकाळी आणखी एक गोष्ट व्हायची होती. सुनेची रजा संपत होती. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची जागा होती. रजा वाढवून मिळणार नाही, विचारून झालं होतं. टिंबला खाली आणून ठेवायची सोय नव्हती. कागदाची धूळ बाळाच्या छातीला बरी नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे टिंब वर झोपणार, काम खाली चालणार, आणि मधे सतरा पायऱ्या.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही नेहमीसारख्या खाली शिवत बसा. ती उठली की डबा सांगेल. मग वर जायचं, तिला घ्यायचं. तेवढंच."

बायकोनं सुई फर्म्यातून ओढली. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे बारा शिवले की एक रजिस्टर. तिनं मान वर केली नाही.

"मी तुला सांगितलंय. मला जमणार नाही."

"माझ्यावर राग आहे का?"

"तुझ्यावर कशाला राग येईल?"

"मग डब्यावर?"

"डब्यावरही नाही. चांगलाच असेल तुझा डबा. पण तो चालू कोण करणार? मी. तो बोलला तर जिना कोण चढणार? मी. यंत्र कितीही शहाणं असू दे, त्याचं टोक शेवटी माझ्याच हातात येणार ना? आणि माझ्या हाताचं काय ते सगळ्यांना माहीत आहे."

"झालं," थोरली म्हणाली. "निघाली माझी भुवई."

तिच्या डाव्या भुवईच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ होती. तीन टाक्यांची. तिथे केस यायचे नाहीत. लहानपणी ती शाळेत सांगायची, आमच्या घरातली पहिली शिवलेली प्रत मीच.

बाइंडरांनी समोरच्या रजिस्टरच्या कण्यावर ब्रश फिरवला. खळ आधीच लावून झाली होती. त्यांनी पुन्हा लावली.

तो प्रसंग घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, सुनेलाही. बाइंडरांच्या आईनं सुरू केलेली ती सोय: पाळण्याला मेण लावलेला दोरा बांधायचा, वरच्या फळीला पाडलेल्या भोकातून तो खाली सोडायचा, आणि बाकाजवळच्या खिळ्याला टांगलेल्या पितळी घंटीच्या लोलकाला बांधायचा. पाळणा हलला की घंटी वाजायची. खुद्द बाइंडर त्या दोऱ्याच्या टोकाला झोपून मोठे झाले होते. मग थोरली आठ महिन्यांची असताना एका दुपारी पाळण्यात उभी राहिली आणि बाहेर पडली. घंटी वाजली नाही. बायको दीड तासानं दूध घेऊन वर गेली तेव्हा भुवई फुटलेली होती, आणि रडून रडून पोरीचा आवाज पार गेला होता. तोंड उघडायची, मिटायची, आवाज नाही.

"माझी गाठ सुटली," बायको त्या दिवशी म्हणाली.

पुन्हा तिनं ते कधी तोंडानं म्हटलं नाही. हातानं म्हणत राहिली. आधी ती शिलाईच्या शेवटी एक गाठ मारायची. त्या दिवसापासून तीन. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं. यांची पुस्तकं उसवत नाहीत, लोक सांगायचे, बाई तीन गाठी मारते. पुढे दाराच्या पाटीवर रंगाऱ्यानं आपणहून लिहिलं: 'तीन गाठींची बांधणी.' घरानं नाव कमावलं ते त्या गाठींवर. धाकटा झाला तेव्हा बायकोनं त्याला वर झोपवलंच नाही. चार वर्षांचा होईपर्यंत तो याच बाकाखाली, कागदाच्या रिकाम्या खोक्यात, तिच्या पायाला लागून. अजून जिना चढला की त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजते.

"आई, ऐका," सून म्हणाली. हातातला पुठ्ठा तिनं खाली ठेवला. "माझा तुमच्यावर विश्वास नाही म्हणून डबा आणला, असं वाटतंय ना तुम्हाला? उलट आहे. विश्वास नसता तर मी डबा कशाला आणला असता? राजीनामा लिहिला असता."

"लिहू नकोस," बायको घाईनं म्हणाली. मग हळू आवाजात, "पाळणाघर बघू एखादं."

"जवळचं पाळणाघर दोन बस बदलून आहे."

"मी सोडेन की गाडीनं," धाकटा म्हणाला.

"तू सकाळी उठशील तेव्हा," थोरली म्हणाली.

"डबाच बरा," बाइंडर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाइंडर असं कधी बोलत नसत. कटिंग मशीनला मोटार बसवायची म्हटल्यावर त्यांनी दोन वर्षं तोंड फुगवलं होतं.

"बाबा, तुम्ही डब्याच्या बाजूनं?" धाकट्याला हसू आवरेना. "ताई, बाहेर बघ गं, गाड्या उलट्या चालल्यात का."

"काय वाईट आहे त्यात? तार नाही, दोरा नाही. सुटणार नाही, तुटणार नाही. डबाच बरा."

बायकोची सुई थांबली.

"म्हणजे तुम्हालाही भरवसा नाही माझ्या गाठीचा. सरळ म्हणा ना."

बाइंडरांनी तोंड उघडलं. थोरली आठ महिन्यांची असताना उघडायची तसं. आवाज नाही.

शिलाई

तोडगा थोरलीनं काढला. भांडण मिटवायची तिची रीत म्हणजे त्याचा खेळ करायचा.

"दोन्ही लावा," ती म्हणाली. "आज आपण सगळे इथेच आहोत, बिघडणार काय? पाळण्याला दोराही बांधा आणि शेजारी डबाही ठेवा. टिंब उठली की बघू आधी कोण बोलतं. आईची गाठ टिकली तर सोमवारी आई 'हो' म्हणेल. काय गं आई?"

बायको उडवून लावेल असं बाइंडरांना वाटलं होतं. ती उठली.

"भोक बुजवलंय," बाइंडर म्हणाले.

"दाभणानं मोकळं होईल."

"अगं, पण कशाला?"

"मला बघायचंय," बायको म्हणाली. एवढंच. आणि दोऱ्याचं रीळ घेऊन जिना चढू लागली. तिनं रीळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. चव्वेचाळीस वर्षं तिच्या हातांसमोर बसलेल्या माणसाला ते लांबूनही दिसलं.

थोड्या वेळानं छतातून कागदाचा वाळका बोळा खाली पडला. एकेचाळीस वर्षांपूर्वी तो बाइंडरांनीच खळ लावून कोंबला होता. त्यामागून दोरा आला, हलत डुलत. सुनेनं जुनी घंटी पुसून खिळ्याला टांगली. खाली येऊन बायकोनं लोलकाला दोरा बांधला. एक गाठ. दुसरी. तिसरी. ओढून पाहिली. वरून सुनेनं पाळणा हलवला, घंटी किणकिणली. थोरलीनं टाळ्या वाजवल्या. सुनेनं वरचा डबा चालू केला, खाली पहिला हिरवा दिवा लागला, आणि टिंबचा झोपेतला श्वास बाकावर ऐकू येऊ लागला. कागदावरून कागद सरकावा तसा.

क्षणभर सगळेच ऐकत राहिले.

"बाई गं," बायको पुटपुटली. "किती जवळ."

दोरा बाइंडरांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून खाली आला होता. त्यांनी गळ्यातल्या फितीला बांधलेली छोटी कात्री काढली आणि ती ड्रॉवरमध्ये

चुकून इथे लागलेलं पान

त्या संध्याकाळी थोरलीला टाके घालून आणलं. बायको तिला मांडीवर घेऊन वर बसली. बाइंडर खाली झाडू मारत होते. बाकाखाली चिटोऱ्यांत त्यांना दोऱ्याचं टोक दिसलं, छतातून लोंबणारं दुसरं टोकही दिसलं. सुटलेल्या गाठीचा दोरा मुरडलेला असतो, त्यात गाठीच्या वळ्या राहतात. हा सरळ होता. टोकं कात्रीनं छाटलेली. घंटीच्या लोलकाला बायकोची गाठ होती तशी घट्ट होती.

बायको शिवणार, टोक सोडणार, "हं" म्हणणार, ते कापणार. दिवसातून दोनशे वेळा. लोंबता मेणाचा दोरा दिसला की कापायचा, ही डोळ्यांची नाही, हाताची सवय. कधी कापला ते त्यांना आठवेना. अजूनही आठवत नाही.

त्यांनी लोलकावरची गाठ कापून टाकली. टोक चिटोऱ्यांबरोबर भरलं. वर जाऊन सांगू, असं ठरवून जिना चढले. बायको पोरीच्या कपाळावर फुंकर घालत होती. "माझी गाठ सुटली," ती म्हणाली. बाइंडर म्हणाले, "झोप आता." टाके निघाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग थोरली चालायला लागल्यावर. मग धाकटा झाल्यावर. मग पाटी रंगवून आली.

कापणी

टाकून ड्रॉवर लावून घेतला.

काम पुन्हा सुरू झालं. धाकट्यानं मशीनची मोटार चालू केली. कडा साफ व्हायला लागल्या, पट्ट्यापट्ट्यांनी कागद पडू लागला. बायकोनं रजिस्टर पुरं केलं, तीन गाठी मारल्या.

"हं."

बाइंडरांनी दोरा बोटाला गुंडाळून तोडायचा प्रयत्न केला. मेणाचा दोरा बोटात रुतला.

"कात्री कुठेय?"

"राहू दे. होतंय."

"चाळीस रजिस्टरं काय दातांनी तोडणार आहात?"

थोरली खिदळली. बाइंडरांनी ड्रॉवर उघडून कात्री काढली. गळ्यात मात्र घातली नाही. हातात धरली, आणि मनाशी ठरवलं: उजवीकडे बघायचं नाही, समोर बघायचं. समोर बायकोचे हात. तेवढेच.

"हं." त्यांनी कापलं.

सासू-सून सोमवारचं बोलत होत्या. सून विचारत होती, टिंबला भूक लागली की मूठ तोंडात घालते, ते तुम्ही पाहिलंय ना? बायको म्हणाली, पाहिलंय, आणि झोप आली की डावा कान ओढते. सून म्हणाली, कान? ते मला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, याचाही तसाच होता, लाल व्हायचा ओढून ओढून. धाकट्यानं मशीनवरून ओरडून विचारलं, काय माझ्याबद्दल चाललंय?

बायकोचा सूर सैल झाला होता. बाइंडरांना बरं वाटलं. काम लयीत आलं.

"हं." कापलं. रजिस्टर उजवीकडच्या चळतीवर. "हं." कापलं. चळतीवर. कणा नीट बसला का ते बघायला थोडं वळून. "हं." कापलं. वळून, लोंबत होता, कापला. "हं." कापलं. अठ्ठावीस झाली. "चहा टाकू का?" "ही एवढी होऊ दे." "हं." कापलं.

दुसरा हिरवा दिवा लागला.

मग पिवळा.

"बघा बघा," थोरली म्हणाली.

पाचही दिवे लागले. धाकट्यानं मोटार बंद केली, आणि सगळं घर टिंबच्या रडण्यानं भरून गेलं. छतातून बारीक, डब्यातून मोठं. पाळणा करकरत होता, हात-पाय झाडत असणार पोरगी.

घंटी गप्प.

सून जिन्याकडे धावली. बाइंडरांनी बायकोकडे पाहिलं. ती घंटीकडे पाहत होती. तिचा चेहरा त्यांनी एकदाच असा पाहिला होता, आणि ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

"सुटली," बायको म्हणाली. "परत सुटली. तीन मारल्या होत्या मी. तीन."

"अगं आई, खेळ होता तो," थोरली म्हणाली. पण तिचाही हात भुवईकडे गेला होता.

"सांग तिला. सांग, लिही म्हणावं राजीनामा. पाळणाघर बघा. काहीही करा. माझ्या हातात देऊ नका कोणी पोर."

बाइंडरांनी उजवीकडे पाहिलं. घंटीखाली बोटभर दोरा लोंबत होता, आणि छतातून उरलेला. दोन्ही टोकं सरळ. चळतीआड कोणाला दिसत नव्हती. खिळ्याकडे हात केला असता, लोलकावरून बोटं फिरवली असती, तर तेवढा तुकडा मुठीत आला असता.

हात सवयीनं उठलाही.

त्या हातात कात्री होती.

दाब

"सुटली नाही," बाइंडर म्हणाले. "मी कापली."

बायकोला कळलं नाही. त्यांनी चळत बाजूला केली. दोऱ्याचं टोक तिच्या पुढ्यात धरलं. तिनं ते अंगठ्यावर घेतलं. दोरा वाचायला तिला चष्मा लागत नसे.

डब्यातून सुनेचा आवाज आला: "आले, आले. काय झालं माझ्या टिंबाला? एकटं वाटलं?"

"आत्ता?" बायकोनं विचारलं.

"आत्ता. कधी कापली कळलंसुद्धा नाही. हात..." त्यांनी कात्री बाकावर ठेवली. तिचा आवाज फार मोठा झाल्यासारखं वाटलं. "आणि तेव्हाही."

"तेव्हा म्हणजे?"

"तेव्हाही तुझी गाठ होती तिथेच होती. घट्ट. मी झाडताना पाहिलं."

डब्यातून: "कोणी नाही आलं म्हणून रडलीस? आलं ना कोणीतरी. येतंच कोणीतरी."

थोरली फर्मा हातात धरून तशीच उभी. धाकटा मशीनपासून दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्याच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती, डब्यातल्या हुंदक्यांच्या मधेमधे.

"त्या संध्याकाळी?" बायको म्हणाली.

"त्याच."

"आणि वर आलात. मी म्हटलं माझी गाठ सुटली. आणि तुम्ही..." ती आठवत होती. "तुम्ही म्हणालात, झोप आता."

बाइंडरांनी मान हलवली.

"एकेचाळीस वर्षं मी झोपतेय," बायको म्हणाली.

धाकटा बोलला, शर्टाच्या बाहीनं तोंडावरचा कागदाचा भुगा पुसत.

"म्हणजे मी चार वर्षं खोक्यात होतो ते यापायी? मला वाटायचं, मी लाडका म्हणून."

"लाडकाच होतास, मेल्या," बायको म्हणाली आणि तिला हसू फुटलं. ते हसू अर्ध्यातच भलतीकडे वळलं. ती पदरानं डोळे पुसत राहिली. थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई. मला आठवतही नाही गं ते. मला तर ही भुवई आवडते."

"तुला आवडते. मला दर शनिवारी समोर बसून बघावी लागते."

मग ती नवऱ्याकडे वळली. बाइंडर उभेच होते, हात दोन्ही बाजूंना सोडून. आता ती ओरडेल, त्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बोलणार आहे तुमच्याशी," ती म्हणाली. "पुष्कळ बोलणार आहे. एका दिवसात व्हायचं नाही ते. पण आज नाही. आज काम पडलंय."

ती खाली बसली. चौकटीवरचं रजिस्टर अर्धं शिवून झालं होतं. उरलेले फर्मे तिनं शिवले. डब्यातून टिंब मुटुमुटु दूध पिताना ऐकू येत होती. शेवटच्या फर्म्यातून सुई बाहेर आली. बायकोनं गाठ मारली. एक.

बाइंडर दुसरीची वाट पाहत राहिले.

"हं," बायको म्हणाली.

"एकच?"

"कापा."

त्यांनी कात्री उचलली. बोटं नीट बसेनात. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा कापलं.

सून टिंबला खांद्यावर घेऊन जिन्यात उभी होती, पाच पायऱ्यांवर, धुळीच्या वर. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं विचारलं नाही, आणि सगळ्यांनाच त्याबद्दल तिचे उपकार वाटले.

"आई, ढेकर काढायचीय," ती म्हणाली.

बायको उठली. मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, खळ गेली का ते नखांपर्यंत पाहिलं. जिन्याशी येऊन हात पुढे केले. टिंब एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आली.

"हिची झोप झाली नाही," बायको म्हणाली. "कान बघ कसा ओढतेय. मी नेते वर. तू पुठ्ठे संपव." दोन पायऱ्या चढून ती थांबली. "सोमवारी किती वाजता निघतेस?"

"आठला," सून म्हणाली.

"सव्वासातला उठव मला. आणि त्या डब्याचं बटण कुठलं ते दाखवून ठेव. दोरा आता लावायचा नाही. तुझे सासरे कामाचे आहेत, त्यांच्यासमोर काही लोंबतं ठेवायची सोय नाही."

थोरली इतकी मोठ्यानं हसली की डब्याचे दोन पिवळे दिवे लागले.

शेवटचं कोरं पान

उरलेली रजिस्टरं थोरलीनं शिवली. तिला शिवायला येत होतं, पण वेग नव्हता. धाकट्यानं छतातला दोरा ओढून घेतला, गुंडाळला, आणि टाकायचा की ठेवायचा ते न सुचून खिशात घातला.

"बाबा, बसा," तो म्हणाला. "पाय दुखतील."

बाइंडर बसले. समोरची जागा रिकामी होती. डब्यात पहिला हिरवा दिवा मिणमिणत होता. आधी पाळण्याची करकर ऐकू आली, मग ती थांबली. मग बायकोचा आवाज, बाळाशी बोलतात तो नव्हे, रोजचाच.

"ऐकू येतंय ना खाली? चहा टाका कोणीतरी. माझा वर आणा. आणायला यांना पाठवा."

सुनेनं भांडं ठेवलं. चहा उकळेपर्यंत बाइंडरांनी चळतीतून ते रजिस्टर ओढून काढलं. तिसावं. कण्याच्या टोकाशी, जिथे तीन गाठींचा उंचवटा हाताला लागायचा, तिथे आता छोटासा दाणा होता. त्यात पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या मुलांची नावं लिहिली जाणार होती.

त्यांनी नखात धरून गाठ ओढली. जरा जास्तच ओढली.

आली नाही.

मग त्यांनी कात्री बाकावरच राहू दिली, दोन्ही हातांत कप धरला, आणि सतरा पायऱ्या चढायला लागले.